वादळाच्या इशाऱ्यातले 'दोन मीटर' म्हणजे माझ्या ओट्यावर किती?

खाडीकाठ

गेल्या वादळाच्या आदल्या संध्याकाळी इशारा आला होता: 'नेहमीच्या भरतीपेक्षा दीड ते दोन मीटर उंच वादळी लाटा, सखल भागात पाणी शिरण्याची शक्यता.' मी वाचला, बायकोने वाचला, वाडीतल्या सगळ्यांनी वाचला. अर्थ सगळ्यांनी एकच लावला, की समुद्रावर लाटा उसळतील, जेट्टीकडे फिरकू नका. आम्ही पडलो आत, खाडीच्या काठी. आमच्याकडे लाट कुठून येणार?

रात्री दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो आणि पाय गार पाण्यात पडला. चपला खोलीभर तरंगत होत्या. लाट म्हणावी अशी एकही नव्हती, आवाजही नव्हता. नळाखाली बादली विसरावी आणि ती गुपचूप भरत जावी तसं पाणी चढत होतं. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर, कपाटातले कागद खालच्या कप्प्यात, आणि टॉर्च नेहमीप्रमाणे 'इथेच तर होती'. माणसं वाचली ती निव्वळ नशिबाने, कारण तासाभरात ओहोटी लागली.

तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इशाऱ्यातल्या आकड्याचं माझ्या घराशी गणित कसं मांडायचं? आणि घर नेमकं कधी सोडायचं? 'प्रशासनाच्या सूचनांचे पालन करा' हे पाठ आहे, त्याच्या पुढचं सांगा.

जुना तांडेल

सगळा घोळ 'लाट' या शब्दाने केलाय. लाट येते आणि जाते. हे पाणी येतं आणि तासन् तास बसतं. समुद्रच उचलला जातो म्हणा ना.

होतं असं. वादळाचा वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतो. समोर खोल समुद्र असला तर ते पाणी खालून मागे फिरतं. उथळ असला तर जायला वाट नसते, मग ते वर चढतं. खाडीचं तोंड नरसाळ्यासारखं असेल तर आत गेल्यावर आणखी चढतं. म्हणून समुद्रावरच्या घरापेक्षा खाडीतल्या घराला कधीकधी जास्त मार बसतो. वादळाच्या पोटात हवेचा दाबही कमी असतो. दर एक हेक्टोपास्कल दाब उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर फुगतं. नेहमीचा दाब १०१३ च्या आसपास धरा. मध्यभागी ९५० असेल तर निव्वळ दाबाने साठेक सेंटीमीटर. बाकीचं सगळं वाऱ्याचं काम.

अजून एक. वादळ ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड करून उभे राहा. आपल्या उत्तर गोलार्धात उजव्या हाताची बाजू वाईट, कारण तिथे वाऱ्याच्या वेगात वादळाची स्वतःची चाल मिळवली जाते. नकाशावर वादळाची रेघ आपल्या गावावरून जात नाही म्हणून पाय पसरून बसणारे लोक मी पाहिलेत. ती रेघ फक्त केंद्राची असते, आणि तीही सरकते.

शंकेखोर

आता मी थोडं उलटं बोलतो. माझं घर पन्नास वर्षांचं आहे. आजोबांनी भरती बघूनच ओटा बांधला असणार. आजवर पाणी तिसऱ्या पायरीच्या वर आलेलं नाही. इकडे दर पावसाळ्यात चार वेळा लाल इशारा येतो, शाळेला सुट्टी मिळते आणि पोरं उन्हात क्रिकेट खेळतात. प्रत्येक वेळी बोचकी बांधून निघायचं ठरवलं तर पावसाळाभर बोचक्यातच राहावं लागेल.

ओहोटी

शंकेखोर, इशाऱ्यांचा कंटाळा येतो हे खरं, मलाही येतो. पण 'आजवर आलं नाही' या वाक्यावर भरवसा ठेवू नका. आजोबांनी ओटा बांधला तेव्हा तुमच्या मागे पाणी पसरायला मोकळी जागा होती का? आता तिथे भराव आणि रस्ता आहे का? रस्त्याखालची मोरी निम्मी बुजली आहे का? ओटा तेवढाच राहिला असेल, भोवतालची जमीन तेवढीच राहिली नाही.

शब्दाबद्दल तांडेलकाका म्हणाले ते फार खरं आहे. ८ नोव्हेंबर २०१३ ला फिलिपिन्समध्ये हैयान वादळ आलं. ताक्लोबान शहरात इशारा पोचला होता, त्यात पाणी चढण्याबद्दलचा तांत्रिक इंग्रजी शब्दही होता. लोकांना तो कळलाच नाही. वारा येणार एवढंच त्यांनी धरलं आणि वाऱ्यापासून वाचायला किनाऱ्याजवळच्याच पक्क्या इमारतींत जाऊन बसले. तिथेच पाणी शिरलं. त्या वादळाने देशभरात सहा हजारांवर माणसं नेली. 'त्सुनामीसारखं पाणी येईल' असं सांगितलं असतं तर लोक पळाले असते, असं नंतर खूप जणांनी बोलून दाखवलं.

याच्या अगदी उलट गोष्ट इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटाची. १९०७ मध्ये तिथे त्सुनामीने हाहाकार केला होता. तेव्हापासून आज्या नातवंडांना एक शब्द सांगत आल्या: 'स्मोंग'. जमीन हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगर गाठायचा. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपाच्या केंद्राच्या इतक्या जवळ असूनही सत्तर हजारांवर वस्तीच्या त्या बेटावर सातच माणसं गेली. ना भोंगा, ना मोबाइल. एक शब्द होता, आणि तो सगळ्यांना कळत होता.

आपणही 'वादळी लाट' सोडून देऊ. वाडीत सरळ सांगायचं, 'समुद्र दोन मीटर चढणार आहे.' बघा किती जण उठून बसतात.

खाडीकाठ

हे पटलं. आमच्या वाडीच्या ग्रुपवर आजपासून 'समुद्र चढणार' असंच लिहिणार. पण चढणार म्हणजे कुठून मोजायचं?

जुना तांडेल

इशाऱ्यातला आकडा त्या वेळच्या भरती-ओहोटीच्या वर असतो. म्हणजे वादळ पूर्ण ओहोटीला टेकलं तर दोन मीटर चढूनही पाणी कदाचित रोजच्या भरतीच्या खुणेखालीच राहील. तेच पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात आणि ऐन भरतीला टेकलं तर उधाणाच्या खुणेवर दोन मीटर. शिवाय वर खऱ्या लाटा उसळतात, त्या वेगळ्या. म्हणून वादळ किती वाजता टेकणार आणि भरती किती वाजता, हे दोन्ही शेजारी शेजारी लिहून बघायचं. तिथीच्या पाऊणपट तास हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा जुना हिशोब ढोबळ अंदाजाला बरा आहे. चतुर्थीला पाऊणपट म्हणजे तीन, तर भरती तीनला. पण दुसऱ्या किनाऱ्याला तो लागू नाही, आणि खाडीत आत भरती उशिरा पोचते. जीवाचा प्रश्न असेल तेव्हा छापील भरतीचं कोष्टक बघा.

आणि वादळाची वेळ इशाऱ्यात दिली असेल तरी मागेपुढे तीन-चार तास धराच. वादळं घड्याळ घालत नाहीत.

मीटरबॉक्स

वायरमन आहे म्हणून माझ्या खात्यातलं लिहितो. बाकीचं जाणकारांनी सांगावं.

पाणी उंबऱ्याशी येण्याआधी मेन स्विच बंद करायचा. उंबऱ्याशी आल्यावर नाही, आधी. पायाखाली पाणी असेल आणि मेन पाण्यापलीकडे असेल तर हात लावायला जाऊ नका, बाहेरून लाइन बंद करून घ्या. इन्व्हर्टर असेल तर मेन पाडूनही सॉकेटमध्ये वीज असते, लोक हे हमखास विसरतात. तो वेगळा बंद करा. छतावर सोलर असेल तर ऊन असेपर्यंत पॅनेलकडून येणारी तार जिवंतच, तुम्ही खाली काहीही बंद करा.

पाणी ओसरल्यावर सगळ्यांना घाई असते ती फ्रिज चालतो का बघायची. बघू नका. बोर्डाच्या आत खारं पाणी आणि गाळ असतो. वरून कोरडं दिसलं तरी आत वाळलेलं मीठ ओल धरून वीज वाहून नेतं. वायरिंग तपासून घेतल्याशिवाय मेन टाकायचा नाही. जनरेटर लावणार असाल तर घराबाहेर, खिडक्या-दारांपासून लांब. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पुरातून वाचलेली माणसं नंतर बंद खोलीतल्या जनरेटरने गेल्याची उदाहरणं जगभर आहेत.

गॅसचा सिलिंडर रेग्युलेटर काढून, टोपी लावून, उभा बांधून ठेवा. अर्धा रिकामा सिलिंडर पाण्यावर सहज तरंगतो. नळी ओढली गेली की पुढचं सांगायला नको.

पडवी

हे सगळं धडधाकट माणसांसाठी झालं. माझे वडील ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहेत. चालता येत नाही. मागच्या वेळी शेजारची मुलं त्यांना खुर्चीसकट उचलून न्यायला तयार होती, पण तोवर गल्लीत गुडघाभर पाणी वाहत होतं. मीच नको म्हटलं. रात्रभर लाइट होती म्हणून निभावलं. ती रात्र आठवली की अजून घशाला कोरड पडते. अशा घराने काय करायचं?

ओहोटी

पडवीताई, नको म्हणालात तेच बरोबर केलंत. वाहतं पाणी पंधरा सेंटीमीटर असलं तरी उभ्या माणसाचे पाय उचलू शकतं. तीस सेंटीमीटरमध्ये बहुतेक मोटारी वाहून जातात, साठमध्ये मोठ्या जीपगाड्यासुद्धा. गुडघाभर पाण्यातून खुर्ची नेणं म्हणजे पाच जणांचा जीव टांगणीला.

तुमच्या घराचा नियम शेजाऱ्यांपेक्षा वेगळा हवा. हवामान विभागाचे रंग असे वाचा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. ज्या घरात आजारी माणूस, बाळंतीण किंवा तान्हं मूल आहे त्या घराने नारिंगीलाच निघायचं. वाडीतल्या बाकीच्यांनी लालला. चक्रीवादळाचा पहिला 'अलर्ट' किनाऱ्यावर खराब हवा सुरू होण्याच्या ४८ तास आधी येतो. त्या दोन दिवसांत उजेडी, कोरड्या रस्त्याने, रुग्णवाहिकेला आरामात बोलावून जाता येतं. जायचं कुठे हे मात्र आजच ठरवा: वीज जाऊन-येऊन असली तरी जनरेटरची सोय असलेली, उंचावरची जागा. आणि एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडर सोबत, मशीनवर सगळी भिस्त नको. तो किती तास पुरेल हे पुरवणाऱ्याकडून त्यांच्या लिटर-प्रमाणाने काढून सिलिंडरवरच लिहून ठेवा.

पडवी

'नारिंगीला निघायचं.' इतकं सोपं वाक्य मला कुणी सांगितलंच नव्हतं. भिंतीवर लिहून ठेवलं. जागा बघायला उद्याच जाते.

शंकेखोर

आणि नारिंगीला निघालो आणि वादळ दुसरीकडे वळलं तर? चार लोक हसणार.

ओहोटी

हसू देत की. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याच किनाऱ्यावर १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन आलं तेव्हा जवळजवळ दहा लाख लोकांना आधी हलवलं, आणि बळी पन्नाशीच्या आत राहिले. त्या दहा लाखांतल्या कितीतरी जणांच्या घरात थेंबभर पाणी शिरलं नसेल. ते काय वेडे ठरले?

यात एक बायकांचं दुखणंही आहे, ते लिहितेच. बांगलादेशात १९९१ च्या वादळात पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त गेल्या. कारणांतलं एक असं, की निघायचं की नाही हे घरातला पुरुष ठरवणार आणि तो घरी नव्हता. आपल्याकडे कुणी असं बोलून दाखवणार नाही, पण 'हे आले की निघू' हे वाक्य किती घरांत ऐकू येतं ते आठवा. म्हणून निकष आधी ठरवून ठेवायचा. लाल झाला की जो घरात असेल तो बाकीच्यांना घेऊन निघेल, फोन लागो न लागो.

जुना तांडेल

मी होडीवाल्यांसाठी एवढंच सांगतो. वादळाआधी होडी ताठ दोराने बांधू नका. पाणी दोन मीटर चढलं की आखूड दोर नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, खाली ओढतो आणि होडी जागच्या जागी बुडते. दोर लांब सोडा, दोन्ही बाजूंनी बांधा, घासणाऱ्या जागी जुनी नळी किंवा गोणपाट गुंडाळा. जमलं तर होडी वर ओढूनच घ्या. आणि होडी सांभाळायला कुणी होडीत झोपायचं नाही. मी एकदा झोपलो होतो, परत नाही झोपणार.

मधेच वारा पडला, तारे दिसले तर बाहेर येऊ नका. वादळाचा डोळा डोक्यावर असतो. थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने, पूर्ण जोराने येतो. पहिल्या वाऱ्याने सैल झालेले पत्रे दुसऱ्यात सुटतात.

गोठ्यातल्या जनावरांचं दावं सोडून द्या. वर नेता आली तर उत्तमच, नाही तर निदान मोकळी करा. सुटं जनावर पोहून उंचवटा शोधतं, बांधलेलं जागच्या जागी मरतं.

अनवाणी

पाणी ओसरल्यानंतरचं मी लिहिते, तेच माझं रोजचं काम आहे.

पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. पायाला बारीक जखम असली तरी लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यातच भरती असल्याने पाणी समुद्रात जाईना, आणि पुढच्या आठवड्यांत या तापाची साथ आली. म्हणून गमबूट हवेतच, शोभेला नाहीत. पुरात चालल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: 'मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो.' गोळी घ्यायची का हे तेच ठरवतील, दुकानातून परस्पर आणू नका.

प्यायला माणशी दिवसाला चार लिटर धरून तीन दिवसांचं पाणी झाकण लावून उंचावर ठेवा. उकळताना खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. पण खारं झालेलं पाणी उकळून गोडं होत नाही, उलट आणखी खारं होतं. समुद्राचं पाणी विहिरीत शिरलं की लोक पंप लावून विहीर कोरडी करायला धावतात. तसं करू नका. किनाऱ्यालगत फार उपसा केला की जमिनीखालून आणखी खारं पाणी आत येतं, कधी विहिरीच्या भिंतीही ढासळतात. वरचा गाळ काढा, थोडं थोडं उपसा, बाकी काम पावसावर सोडा.

गोड्या विहिरीला ब्लीचिंग पावडरचं नेहमीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते साधारण अठ्ठावीस हजार लिटर, म्हणजे सत्तर ग्रॅम. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि निदान तासभर थांबायचं. पुरानंतर पाणी फार मळलेलं असतं, तेव्हा एवढ्याने भागत नाही. आरोग्यसेवकाकडून क्लोरीन तपासून मगच प्या.

आणि हो, संडासाच्या भांड्यातून घाण पाणी उलटं वर येतं. वाळूची छोटी पिशवी भांड्यात दाबून ठेवली की बरंच अडतं. हे कुठल्याच पत्रकात नसतं, म्हणून लिहिलं.

खाडीकाठ

आठ दिवस इथे फिरकलो नाही, कारण मोजत होतो.

पौर्णिमेच्या भरतीला जेट्टीच्या खांबावर पाणी जिथवर आलं तिथे खडूने रेघ मारली. मग गवंड्याकडून लेव्हल पाईप आणला, वीस मीटरची पारदर्शक नळी. आत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच पातळीत उभं राहतं. एक टोक मुलाने रेघेशी धरलं, दुसरं मी पुढच्या खांबावर. फरक लिहायचा, पुढे सरकायचं. जेट्टीपासून ओट्यापर्यंत चौदा वेळा जागा बदलली. सहाव्या जागेला आकडा काहीच्या काही आला, कारण नळीत बुडबुडा अडकला होता. परत पहिल्यापासून.

शेवटी निघालं एक मीटर पस्तीस सेंटीमीटर. उधाणाच्या भरतीपेक्षा माझा ओटा फक्त एवढाच वर आहे. म्हणजे ऐन उधाणात समुद्र दोन मीटर चढला तर ओट्यावर पासष्ट सेंटीमीटर पाणी, लाटा आणि पाऊस सोडून. मी भिंतीवर पासष्टला पेन्सिलने रेघ मारली. ती माझ्या सगळ्यात धाकटीच्या छातीशी येते. बायकोने ती रेघ बघितली आणि काही न बोलता कागदांचा डबा माळ्यावर नेऊन ठेवला.

आता आमचा नियम ठरला. इशाऱ्यात एक मीटरच्या वरचा आकडा असेल आणि वादळाच्या वेळेच्या चार तास मागेपुढे भरती असेल, तर रंग कोणताही असो, दिवसाउजेडी निघायचं. इन्व्हर्टर मेस्त्रीने कंबरेच्या वर बसवून दिला.

मीटरबॉक्स

बोर्डही वर घ्या, नुसता इन्व्हर्टर नको. खालचे सॉकेट वेगळ्या एमसीबीवर, म्हणजे बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या स्विचवर, करून घ्या, म्हणजे तेवढेच बंद करता येतील.

शंकेखोर

मोजलं. शेजाऱ्याच्या नळीने, दोनदा, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. नव्वद.

आजोबांनी भरती बघूनच बांधलं होतं, ते खरंच आहे. ओहोटीताई म्हणाल्या तो भराव मात्र त्यांनी बघितला नव्हता. आईची खोली मागच्या बाजूला आहे, तिथे अजून दोन पायऱ्या खाली उतरावं लागतं. शेजाऱ्याची नळी कोपऱ्यापर्यंत पोचेना. खाडीकाठ, तुमचा वीस मीटरचा पाईप मोकळा आहे का? रविवारी येऊन नेतो.

खाडीकाठ

आहे की, या. दोन माणसं घेऊन या, एकट्याने होत नाही. आणि भरताना एक टोक वर धरून हळूहळू भरा, बुडबुडे राहिले तर नव्वदचे दीडशेही दिसतील.